अठ्ठेचाळीस व्होल्ट आणि सात दात

आपली वस्ती, आटपाडी
शनिवार, दुपार

तीर्थरूप तानाजीकाकांस,

समीक्षाचा वाकून, डोकं पायाला लागेल इतका नमस्कार. सोनियाकाकूंनाही तितकाच (कमी-जास्त झाला असेल तर तो लिहिण्यातला दोष समजावा, मनातला नाही). तुमची तब्येत कशी आहे? गेल्या महिन्यात शिडीवरून उतरताना तुमचा गुडघा दुखावल्याचं काकूंकडून आईला कळलं आणि आईकडून आज्जाला. दुसऱ्या दिवशी आज्जानं निरगुडीचा पाला आणून सोप्यात ठेवला. कुणासाठी, असं विचारल्यावर ‘मेंढराला’ म्हणाला. आपल्या कुठल्याही मेंढराचा गुडघा सध्या दुखत नाही, एवढं मी तुम्हाला कळवते. बाकी इकडे सगळे खुशाल आहेत.

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. फोन केला असता, पण मी तुमच्याशी फोनवर बोलायला लागले की आज्जाला लांबूनही ऐकू येतं (एरवी जवळूनही येत नाही). मेसेज पाठवावा, तर तुम्ही वाचल्याची निळी खूण उमटते, आणि मग उत्तर आलं नाही तर तुम्हालाही अवघड वाटतं आणि मलाही. पत्राला तसली खूण नसते. दोन वर्षांपूर्वीच्या जत्रेत तुमचं आणि आज्जाचं जे झालं आणि तेव्हापासून तुम्ही जे घरी आला नाहीत, त्याबद्दल या पत्रात मी काहीही लिहिणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. तुम्ही साताऱ्यात इतकी वर्षं विजेची कामं करता, म्हणून विजेबद्दल एकच प्रश्न विचारायचा आहे. अठ्ठेचाळीस व्होल्टचा करंट चालू असलेल्या वस्तूपुढे सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला बसवलं, तर त्याला काही होतं का? तुम्ही घाबरून जाऊ नये म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

आज्जाचे सात दात राहिलेत आणि सातही हलतात. सांगलीच्या दातांच्या डॉक्टरांनी ते सगळे एकदम काढायचे ठरवले आहेत. येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी. मग तीन महिने हिरड्या भरेपर्यंत थांबायचं आणि नंतर कवळी. डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं आणि काही विचारायचं आहे का म्हणाले. आज्जानं विचारलं, ‘स कुठनं निघतो?’ डॉक्टरांना आधी कळेना. मग त्यांनी बिचाऱ्यांनी स्वतःचं तोंड उघडून, जीभ दातांच्या मागे कुठे जाते आणि वारा कुठून सुटतो ते दाखवलं. आज्जानं दोनदा दाखवायला लावलं. परतीच्या एसटीत विटा आल्यावर तो म्हणाला, ‘दात गेलं की स गेला. स गेला की सुंबरान गेलं. आता देवाम्होरं हुंबरान म्हणू व्हय?’

काका, तुम्हाला मी काय सांगायचं. ओवीचा पहिला शब्दच सुंबरान, देवाचं आणि सगळ्यांचं स्मरण. तो उभा राहिल्याशिवाय पुढची कथा उभी राहत नाही. आपल्या बिरोबाची तीन रात्रींची ओवी सबंध कुणाच्या तोंडात असेल तर ती त्या सात दातांच्या तोंडात आहे. कवळीनं स परत येईलही, किंवा शिट्टीसारखा येईल. डॉक्टर म्हणाले, काहींचा येतो. मी शिकायला सांगलीला गेले आणि पुस्तकांत राहिले, मला चार ओळींच्या पुढे येत नाही. तेव्हा मी ठरवलं की दात निघायच्या आत ओवी नीट रेकॉर्ड करायची, आणि तीही घरातच, कारण आज्जा गाण्यासाठी कुठे जाणार नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात खोटं लिहवेना म्हणून ‘आजोबांचे दात’ असं लिहिलं. प्राचार्यांनी तो अर्ज दोनदा वाचला आणि मंजूर केला, पण तेव्हापासून माझ्याशी फार हळू आवाजात बोलतात.

मोबाइलवर आधी करून पाहिलं. मोबाइलला सगळं सारखंच वाटतं: आज्जा, शेजारची बोअरची मोटार, डोक्यावरून गेलेला बगळा. ऐकताना आज्जा विहिरीत पडला आहे आणि आपण काठावर मोटार लावून बसलो आहोत असं वाटत होतं. मग मी चार दिवस वाचन केलं (ते मला येतं) आणि घरात जाहीर केलं की आपल्याला एक चांगला कंडेन्सर आणायचा आहे. हे वाक्य मी जरा विचार करून बोलायला हवं होतं. दादांनी मान हलवली, आणि संध्याकाळी आटपाडीच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानातून पंख्याचा कंडेन्सर घेऊन आले. शिवाय बोअरचा एक, जास्तीचा असू दे म्हणून. आपल्याकडे पंखा हळू फिरला की कंडेन्सर गेला म्हणतात, त्यात दादांची काय चूक? माइकच्याही एका जातीला कंडेन्सर म्हणतात, हे मी सांगायला हवं होतं. मी धुणं वाळत घालून आत आले तर आज्जा पटका नीट बांधून, पाटावर ठेवलेल्या त्या पांढऱ्या डबीपुढे मांडी घालून बसला होता आणि दादांना विचारत होता, ‘केरबा, ह्येला ऐकू येतंय न्हवं?’ दादा म्हणाले, ‘पोरगी शिकल्याली हाय, तिला इचारा.’ मला रडावं की हसावं कळेना. तो कंडेन्सर आता पंख्यात बसवला आहे. पंखा इतका जोरात फिरतो की रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंद ठेवावा लागतो.

मग मी सांगलीला गेले. तिथे वाद्यांचं आणि रेकॉर्डिंगच्या सामानाचं एक दुकान आहे, काचेच्या दाराचं, आत थंडगार. मी चपला बाहेर काढून आत गेले आणि पाहिलं तर सगळे बूट घालून उभे होते. परत बाहेर जाऊन घालणं बरं दिसेना म्हणून तासभर अनवाणीच उभी राहिले. दुकान अनीश नावाच्या मुलाचं आहे, म्हणजे मुलगा म्हणायचं, वय तिशीचं असेल. सांगलीच्याच जुन्या घरातला, बोलणं अगदी मऊ. त्यानं मला लाकडी पेटीतून एक माइक काढून दाखवला. काका, आमच्या ग्रंथालयातली सगळ्यात जुनी पोथीसुद्धा आम्ही इतक्या जपून काढत नाही. तो त्यानं वायरीला जोडला, वायर एका छोट्या पेटीला, पेटी संगणकाला, आणि हेडफोन माझ्या कानांवर ठेवला. मी काही बोललेच नाही. मला एक मोठा, हळू, खालीवर होणारा आवाज यायला लागला. मी विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, ‘तुमचा श्वास.’ मी चोवीस वर्षं श्वास घेते आहे, पण ऐकला पहिल्यांदा. त्यानंतर त्या माइकपुढे असताना मी एकही गोष्ट वाढवून बोललेले नाही. जो इतकं ऐकतो त्याला तेही कळत असणार.

(मी त्याला साध्या माइकबद्दलही विचारलं, सभेत असतो तसला. तो म्हणाला, तो तोंडाजवळ धरावा लागतो. आज्जाचे हात ओवी म्हणताना हवेत मेंढरं वळत असतात, हातात काही देता येत नाही. शिवाय तोंडाला तोंड लावून कुणी ऐकलेलं त्याला आवडणार नाही. म्हणून लांबून ऐकणारा घेतला.)

खोलीचा प्रश्न होता. अनीश म्हणाला, माइक कितीही चांगला घेतला तरी आपल्या भिंती बडबड करतात, त्यांना गप्प करायला आवाज खाणारा स्पंज लावायचा. त्यानं तो दाखवला, काळा, अंड्याच्या ट्रेसारखा. मी फार वेळ विचार करत उभी राहिले, कारण मला एक शंका होती आणि ती विचारणं म्हणजे त्याच्या दुकानात त्याच्याच मालाचा अपमान होता. शेवटी पिशवीतून घोंगडं काढलं (वाचलं होतं, जाड कापड चालतं, म्हणून बरोबर नेलं होतं) आणि विचारलं, हे चालेल का? तो हसला नाही. त्यानं ते डोक्यावरून घेतलं, मलाही आत यायला सांगितलं, आणि आम्ही दोघं दुकानाच्या मधोमध घोंगड्याखाली उभं राहून टाळ्या वाजवल्या. (काकूंना हे सांगताना ‘टाळ्या’ हा शब्द गाळू नये.) टाळी वाजली आणि तिथेच संपली. मागे काही उरलंच नाही. अनीशनं बाहेर येऊन ते उलटंसुलटं करून पाहिलं, नाकाला लावलं आणि विचारलं, कुठे मिळतं? मी म्हटलं, आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं आहे, सणगरांकडून विणून घेतलेलं. त्यानं तो स्पंज खोक्यात परत भरला. आता त्यालाच तीन हवी आहेत.

कोठीच्या खोलीत आम्ही आठ घोंगडी टांगली, चार भिंतींना सात आणि एक वर. वस्तीवरचे लोक येऊन बघून गेले. आईला कुणीतरी विचारलं की मंगल, घरात ढेकणं झालीत काय. आज्जा आत आला, मधोमध उभा राहिला आणि नुसता ‘हेऽ’ म्हणाला. मग कान दिला. पुन्हा म्हणाला. मी घाबरले, वाटलं कोंदट वाटत असेल. तर म्हणाला, ‘समे, हितं माळ झालाय. माळावर बी असंच. आवाज सोडला की त्यो जातो, माघारी येत न्हाई.’ काका, मी चार दिवस परावर्तन म्हणजे काय ते वाचत होते, आणि त्यानं ते ‘हेऽ’ करून सांगितलं.

हेडफोन निवडणं सगळ्यात अवघड गेलं. आज्जा पटका काढणार नाही, देवाचं नाव घ्यायचं तर मुळीच नाही. तेव्हा पटक्यावरून बसेल असा हेडफोन हवा होता. मी सांगलीला फोन करून मापं दिली. दोरीनं पटक्याचा घेर मोजला, कानापासून कानापर्यंत वरून मोजलं, आणि अनीशनं दुकानातले सगळे हेडफोन फाकवून फाकवून पाहिले. दुसऱ्या खेपेला जो आणला तो पटक्यावर मुकुटासारखा बसतो. आज्जाला तो आवडला असावा, कारण चहाच्या वेळीही काढला नाही. आईनं मात्र तो एकदा घातला, माइक चालू होता, दार उघडं राहिलं होतं, आणि ती बसल्या जागी म्हणाली, ‘ही काळतोंडी रवंथ करतीया.’ मी बाहेर जाऊन पाहिलं. वाड्यात तीस मेंढरं बसली होती, दाराजवळची रवंथ करत होती, आणि ती काळतोंडीच होती. आई म्हणाली, ‘तिची दाढ एका बाजूला घासती, कवाबी ऐक.’ म्हणजे माझ्याकडे जे यंत्र आत्ता आलं ते आईला आधीपासून होतं. फक्त आईला वायर लागत नाही.

आता विजेकडे येते. हा माइक नुसता जोडून चालत नाही, त्याला त्या छोट्या पेटीतून अठ्ठेचाळीस व्होल्ट द्यावे लागतात. पेटीवर एक बटण आहे, ते दाबलं की तांबडा दिवा लागतो. या करंटला इंग्रजीत फॅन्टम पॉवर म्हणतात. तुम्हाला माहीत आहे, आपल्या घरात लाइटबिलापासून औषधाच्या बाटलीपर्यंत जे काही छापलेलं येतं ते मी वाचते आणि त्याचा अर्थ सांगते, तिसरीपासून. अर्थ विचारला आणि मी सांगितला नाही असं कधी झालं नाही. आज्जानं तांबड्या दिव्याकडे बोट दाखवून विचारलं, ‘ह्ये काय?’ मी म्हटलं, फॅन्टम पॉवर. ‘म्हंजी?’ आणि मी, शाळेत उभं केल्यासारखी, म्हटलं, ‘भुताची वीज.’

आज्जा उठला. हेडफोन पटक्यासकट डुलत होता. म्हणाला, ‘भूत हाय तितं सुंबरान मांडायचं न्हाई,’ आणि बाहेर जाऊन मेंढरांत बसला. मी त्या दिवशी जेवले नाही. फॅन्टमला ‘अदृश्य’ म्हणता आलं असतं, ‘गुप्त’ म्हणता आलं असतं, मी ग्रंथालयात काम करते, माझ्या टेबलावर चार शब्दकोश आहेत. दादा आज्जाला समजावत होते की बोर्डावर कवटी काढलेली असते म्हणून लोक लाइट लावायचे राहतात का. पण आज्जा ऐकेना. शेवटी मी अनीशला फोन लावून आज्जाच्या कानाशी धरला. आज्जानं पहिलाच प्रश्न विचारला, ‘आवं, भूत कुणाचं हाय?’ अनीशनं फार शांतपणे सांगितलं की आजोबा, ज्या वायरीतून तुमचा आवाज इकडे येतो, त्याच वायरीतून वीज तिकडे जाते. वेगळी वायर नाही, दिसत नाही, म्हणून तसं नाव. आज्जानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, ‘म्हंजी दिसत न्हाई, पर हाय. आन तिच्याबिगर ऐकू जात न्हाई.’ अनीश हो म्हणाला. ‘मंग त्ये भूत न्हाई,’ आज्जा म्हणाला. ‘नाव वंगाळ ठिवलंय.’ आणि आत येऊन, पायताण बाहेर ठेवून, माइकपुढे बसला. तेव्हापासून त्या खोलीत कुणालाही पायताण घालून जाता येत नाही. मलाही तो दिवा लागला की उगाच उभं राहावंसं वाटतं.

आता उरलं एकच. सुरुवातीला मी म्हटलं होतं की त्या विषयावर लिहिणार नाही, आणि मी लिहीतही नाही. मी फक्त माइकबद्दल लिहिते आहे. अनीशनं खरेदीच्या वेळीच विचारलं होतं, ‘आजोबा एकटे गाणार की समोर कुणी असणार?’ कारण बहुतेक माइक पुढून ऐकतात आणि मागून बहिरे असतात. मी खरं तेच सांगितलं. ओवी एकट्याची नसते; गाणारा एक ओळ सोडतो आणि समोरचा तिचं शेपूट उचलून धरतो, त्याला झील धरणं म्हणतात, आणि झील आल्याशिवाय गाणारा पुढे जात नाही, जाऊच शकत नाही, त्याचा श्वास तेवढ्यात घेऊन व्हायचा असतो. अनीशनं विचारलं, मग झील कोण धरणार? मी म्हटलं, ते नक्की नाही. त्यानं मग दोन्ही बाजूंनी ऐकणारा माइक दाखवला, एक माणूस इकडे, एक समोर. मी तोच घेतला.

गुरुवारी पहिली चाचणी केली. झील धरायला वस्तीवरच्या जोतीरामला बसवलं होतं, तो गजीच्या नाचात ढोल चांगला वाजवतो. पण आज्जाची ओळ संपायच्या आतच त्याची झील सुरू व्हायची. चारच ओळी झाल्या आणि आज्जानं हेडफोन काढला. ‘जोत्या झील धरत न्हाई, एसटी धरतो,’ म्हणाला. जोतीरामला राग आला नाही. त्यालाही खरं तर शेरडं सोडायची होती. मग मला एक युक्ती सुचली. संगणकात कोरस नावाची सोय आहे, तिनं एका आवाजाचे चार आवाज होतात. मी आज्जाच्याच ओळी घेऊन त्याला लावल्या. चार आज्जे एकदम गायला लागले. मला वाटलं जमलं. आज्जानं सबंध ऐकलं, पटका सारखा केला, आणि म्हणाला, ‘ह्ये चौघं बी मीच हाय. मला माझीच झील कशी पुरंल, समे? दुसरं मानूस लागतंय.’ मी म्हटलं, दुसरं म्हणजे कोण? म्हणाला, ‘त्ये दुकानात इचार.’

मी दुकानात विचारलं नाही. तेवढं मला कळतं.

तर काका, एवढाच प्रश्न आहे, अठ्ठेचाळीस व्होल्टचा. सवडीनं उत्तर द्यावं. काकूंना नमस्कार सांगावा, गुडघ्याला जपावं, शिडीवर चढताना खाली कुणाला तरी उभं करावं. चुकून काही जास्त लिहिलं गेलं असेल तर ते मोठ्या मनानं खोडून वाचावं.

तुमची पुतणी,
समीक्षा केरबा

ता. क. माझ्याच्यानं पाकीट बंद होईना, म्हणून लिहिते. अठ्ठेचाळीस व्होल्टनं माणसाला काही होत नाही. करंट माइकच्या पोटात असतो, बाहेर येत नाही, आणि तो असतोही नावापुरता. हे मला अनीशनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी चार ठिकाणी वाचून खात्रीही केली होती. म्हणजे ज्या प्रश्नासाठी मी पत्र लिहिलं तो प्रश्न मला नव्हताच. मी तुमच्याशी खोटं बोलले, त्याबद्दल क्षमा असावी.

दुसरा ता. क. खरं विचारायचं ते असं. दात सोमवारी निघणार. त्याच्या आधीच्या शनिवारी, म्हणजे येत्या शनिवारी, तुम्ही याल का? तुम्हाला आज्जाशी बोलावं लागणार नाही, त्यालाही तुमच्याशी बोलावं लागणार नाही, मी दोघांनाही मध्ये पाणी देत राहीन. माइक दोन्ही बाजूंनी ऐकतो. तुम्ही फक्त समोर बसून झील धरायची, शनिवारी आणि रविवारी, जेवढी ओवी होईल तेवढी. त्या जत्रेत भोंग्यावर, सगळ्यांसमोर, तुम्ही झील धरायची सोडून म्हणालात की ‘आबा, वढ्याचा तुकडा ऱ्हायला’, आणि आज्जा म्हणाला की मी काय सोडलं न्हाई आणि झील धरणाऱ्यानं चुका काढायच्या नसतात. त्यावर मी लहान असल्यामुळे माझं काही मत नाही. पण तेव्हापासून ओवी पुरी कधी उभी राहिली नाही, हे मात्र खरं आहे.

तिसरा ता. क. आज्जा आत्ता येऊन विचारून गेला की एवढं काय लिहितेस. मी म्हटलं, काकांना विजेचं विचारते. तो म्हणाला, ‘इचार. आन त्यातच लिव, म्या त्या जत्रंत काय बी सोडलं न्हवतं.’ त्यानं सांगितलं तसं लिहिलं आहे, एक शब्दही बदललेला नाही.

पण मग हेही लिहायला हवं. गुरुवारी जोतीराम गेल्यावर मी चहा करायला उठले. माइक बंद करायचा राहिला. तांबडा दिवा आज्जानं काढून ठेवलेल्या हेडफोनमागे झाकला गेला होता. परत येऊन बघते तर रेकॉर्डिंग चालूच. ते मी ऐकायला नको होतं, पण यंत्रानं ऐकून ठेवलेलं होतं. त्यात आज्जा एकटाच, अगदी हळू, ओवी म्हणतो आहे. देव मेंढरं घेऊन येतो, ओढा लागतो, आणि ओढ्याचा तुकडा आहे, काका. तांबडी मेंढरं, पांढरी मेंढरं, पाण्यात पाय घालायला भिणारं कोकरू, सगळा आहे, तुम्ही जिथे म्हणाला होतात तिथेच. तुकडा संपतो आणि तो झिलीसाठी थांबतो. पडद्यावर मोजले, अकरा सेकंद. अकरा सेकंद काहीच नाही, लांब काळतोंडीची दाढ तेवढी. मग आज्जाचा आवाज येतो, गाण्याचा नाही, बोलण्याचा: ‘व्हय रं तान्या. ऱ्हायलं हुतं.’

ते मी पुसलेलं नाही आणि कुणाला ऐकवलेलंही नाही. गुडघा दुखत असेल तर खिडकीची जागा घ्यावी, पाय लांब करता येतो. विट्याला गाडी बदलावी लागते, ते तुम्हाला सांगायला नको.